तिसरा ठक

फेब्रुवारीपासून ट्रक मागे जात नव्हता.
मन्सीत एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं:
ही भाजीवाली बाई उतार बघून गाडी लावते.
बँकेसमोर तोंड रस्त्याकडे करून,
चर्चमागे दोन जागा आरपार अडवून,
आणि घरी, दारातल्या चढावर,
न्यूट्रलमध्ये, पृथ्वीच्या भरवशावर.

मग एप्रिलात तिसरा गिअरही गेला.
इंजिन ओरडायचं, चाकं ऐकायची नाहीत.
आपल्या घरातल्यासारखंच, नचिकेत म्हणाला.

गॅरेजवाल्याने आकडा लिहिला
आणि कागद पालथा करून सरकवला.
अठ्ठावीसशे.
सबंध ट्रक मी एकोणीसशेला घेतला होता.

विजेच्या बिलामागे हिशेब मांडला:
भंगारातला गिअरबॉक्स, एकशे पंचाहत्तर.
तेल, फिल्टर, सील, एकशे दहा.
जॅक शेजारच्या वेंडेलचा, फुकट.
फुकट म्हणजे दर शनिवारी मेथीच्या दोन जुड्या,
ज्या तो अंड्यात घालून खातो
आणि गवत म्हणतो.

वेंडेल इथल्या गिअरच्या कारखान्यात सव्वीस वर्षं होता.
त्या जागी आता कुंपण आहे.
आत काहीच नाही, तरी फाटकाला कुलूप.
त्याला वाकता येत नाही. स्टुलावर बसून
तो काठीने दाखवतो, हा बोल्ट, आता तो,
आणि खाली मी, पुठ्ठ्यावर पाठ टाकलेली,
डोळ्यांत पाच हिवाळ्यांचा गंज.

जुनं तेल परातीत उतरलं.
करपलेल्या फोडणीचा वास.
वास सगळं सांगतो, वेंडेल म्हणाला.
हे मला सांगायची गरज नव्हती.

वरचे दोन बोल्ट दिसतच नाहीत.
तिथे नचिकेतची बारीक बोटं गेली
आणि अख्खा शनिवार गेला.
मग तो धूड हलला, जॅकवर बसत बसत खाली आला.
एवढं ओझं माझ्या पायांखाली फिरत होतं,
आणि मी पालकाच्या पेट्या जड म्हणायचे.

रविवारी, नवा म्हणजे दुसऱ्याचा जुना.
कन्व्हर्टर त्याच्या तोंडात बसवायचा,
फिरवत, दाबत, मिक्सरचं भांडं खाचेत बसतं तसा.
तीन वेळा ठक व्हायला हवं.
दोनावर भागवून बोल्ट आवळले
तर आतला पंप फुटतो, आणि पैसे पाण्यात.

एक.
दोन.
मी फिरवत राहिले.
झालं, वेंडेल म्हणाला, तीन झाले.
मी दोन मोजले होते.
असे हजारो बसवलेत मी, तो म्हणाला. तीन.

ऊन कलत होतं. सोमवारी बाजार होता.
माझे आप्पा इचलकरंजीत मागांवर जॉबर होते.
शंभर मागांच्या कल्लोळात
एकाचं दुखणं त्यांना कानाने कळायचं.
घरी मात्र हाक ऐकू यायची नाही.
वेंडेलकडे न बघता
मी तो पुन्हा बाहेर ओढला.
किंचित डावीकडे. तळवा सपाट. श्वास धरून.

ठक.

कुणी काही बोललं नाही.
वेंडेलने कानातलं यंत्र काढलं,
फुंकर मारली, बॅटरी बघितली,
पुन्हा घातलं.

अंधार पडता पडता तेल भरलं, लाल, चेरीच्या सरबतासारखं.
एक बोल्ट उरला. कुठला ते कुणालाच आठवेना.
तो मी ॲशट्रेत ठेवला, अजून आहे.

मग दांडा रिव्हर्सला.
ट्रक थांबला, जणू आठवतोय,
आणि धक्का देऊन निघाला
मागे, मागे,
नचिकेत ओरडतोय, आई ब्रेक,
पण तीन महिन्यांत
आरशात बघायची माझी सवयच मोडली होती.

नशीब, वेंडेल उठून उभा होता.
स्टुलाचे चारही पाय चार दिशांना.
चाळीस डॉलर, तो म्हणाला,
नाहीतर डिसेंबरपर्यंत गवत.